वासावरचं मीठ

भोसरी सोडून बस चाकणच्या रस्त्याला लागली की मी डोळे मिटून घ्यायची. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावरून आपण कुठवर आलो ते मला सांगता यायचं. आधी वर्कशॉपच्या गल्ल्यांतला तापलेल्या तेलाचा वास, मग नदीवरचा ओला गारवा, मग कुठल्याशा शेडमधून येणारा रंगाचा गोडसर, डोक्यात चढणारा वास, आणि शेवटी कांदा. मार्केट दिसायच्या कितीतरी आधी कांदा यायचा. तो आला की मी पदर सारखा करून पिशवी मांडीवर घ्यायची. शेजारची बाई विचारायची, "झोपला होतात ना तुम्ही? मग कसं कळलं?" मी नुसती हसायची. असल्या गोष्टींचा मला भारी तोरा होता.

परवा चंपाषष्ठीला त्याच रस्त्याने माहेरी गेले, तर सबंध वाट डोळे टक्क उघडे ठेवून बसले होते. तरी एक स्टॉप पुढे गेलेच. उतरून उलटी चालत आले, तर वाटेत कांद्याचे ट्रक ओळीने उभे होते. एका ट्रकला अगदी टेकून मी दम खायला थांबले. फाळक्याच्या फटीतून कांद्याची सालं उडत होती आणि मला कशाचाही वास येत नव्हता.

तीन वर्षं झाली याला. दमा तर जन्माचाच आहे. त्याच्या जोडीला नाकात मांस वाढलं. एकदा काढलं, पुन्हा वाढलं. डॉक्टर म्हणाले, "ही दोन भावंडं आहेत, एक आलं की दुसरं मागोमाग येतं." वास एका दिवसात गेला नाही. उदबत्ती गेली, मग साबण गेला, मग फोडणी गेली, आणि एके दिवशी चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी झालं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढंच कळतं, बाकी सगळी चव नाकाची असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. आता पेरू आणि काकडी मला सारखीच. मटणाचा रस्सा म्हणजे तिखट पाणी. पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमध्ये यांनी गॅस गळला तर बोंबलणारं एक यंत्र भिंतीवर लावलंय. दूध उतू गेलं की समोरची शेजारीण बेल वाजवते. घरातून बाहेर पडताना मी यांना विचारते, "साडीला घामाचा वास नाही ना?" हे पेपरातून मान वर न करता "नाही" म्हणतात. त्यांच्यावर माझा विश्वास नाही, पण इलाजही नाही.

लोकांना वाटतं, वास गेला तरी आठवण राहते. तसं होत नाही. वास आठवत नाही, त्याची हकिगत तेवढी आठवते. आमच्या घराच्या मागे कांद्याची चाळ होती. बांबूच्या तट्ट्यांची, वरून पाचट घातलेली. पावसाळ्यात खालचा कांदा सडायला लागला की आई पहाटे उठून म्हणायची, "कुठंतरी एक गेलाय." आणि आम्ही पोरं तो एक शोधायला लागायचो. म्हणजे दादा आणि बाकीची पोरं शोधायची. मला धूळ चालायची नाही, म्हणून मी बाहेर पोत्यावर बसून बोट दाखवायची, त्या कोपऱ्यात, खालच्या थरात. बहुतेक वेळा तो तिथंच असायचा. पुढे दादा भोसरीला टर्नर म्हणून लागला. त्याच्या कपड्यांना मशीनवरच्या पाण्याचा तेलकट, आंबूस वास यायचा. आई त्याचे कपडे वेगळे धुवायची, पण तारेवर वाळत घातलेल्यांतून दादाचा शर्ट मला डोळे बांधूनसुद्धा ओळखता आला असता. बाजरीची मळणी, गोठ्यातली ओली वैरण, कोजागरीच्या दुधातलं जायफळ, नवीन वह्या, पाहुण्यांच्या चपलांचा वास. हे सगळं मी आता सांगू शकते, घेऊ शकत नाही.

थंडी पडली की माझा दमा उठायचा. तीन उशा रचून मला पडवीत बसवलेलं असायचं. छातीत शिट्ट्या वाजायच्या आणि त्या मोजत मी दिवस काढायची. घरात कामाला तोटा नव्हता, पण मला कुठलंच काम चालायचं नाही. झाडलोट करायची नाही, कारण धूळ. चुलीपुढे बसायचं नाही, कारण धूर. शेणाला हात लावायचा नाही, नदीवर धुण्याला जायचं नाही, पाण्याचा हंडा उचलायचा नाही. चुलत भावंडं मला "बसकी" म्हणायची. त्यांचंही चुकत नव्हतं, मी बसलेलीच असायची. पण तो शब्द कानावर आला की मला उशांमध्ये आणखी खाली जावंसं वाटायचं.

मला एकच काम होतं, आणि ते वर्षातून एकदाच यायचं. चंपाषष्ठीला.

आमच्याकडे खंडोबा. आषाढात वांगं आणि कांदा बंद होतो तो थेट चंपाषष्ठीला सुटतो. त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. बाजरीचे जाड रोडगे, पातीचा कांदा आणि वांग्याचं भरीत. सगळी भावकी जेवायला असते, म्हणून भरीत परातभर. आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी बोटसुद्धा चाटायचं नाही, अगदी शिजवणाऱ्या बाईनेही. मग मीठ कसं बघायचं? तर आमच्याकडे ते वासावर बघायचे. म्हणजे मी बघायची.

मी सात-आठ वर्षांची असताना आईने पहिल्यांदा वाटीत भरीत घेऊन माझ्यापुढे धरलं. "बघ गं, मीठ बरोबर हाय का. तुझ्यासारखं नाक कुणाचं न्हाई." सगळ्या बायका काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मी वाटीवर वाकले. भाजलेल्या सालीचा करपट वास, त्याखाली लसूण, त्याखाली कच्च्या पातीचा हिरवा वास. मीठ पडलं असेल तर हे सगळे वास एका जागी बसतात, नसेल तर वरवर तरंगतात, असं माझ्या मनाने मीच ठरवून टाकलं. "थोडं कमी आहे," मी म्हणाले. आई आत गेली, तिने चिमूट टाकली, कालवलं. जेवताना चुलते म्हणाले, "भरीत झकास झालंय." आई म्हणाली, "आमच्या पोरीनं मीठ सांगितलं." त्या दिवसापासून निदान चंपाषष्ठीपुरती तरी मी बसकी राहिले नाही.

लग्न होऊन पिंपळे गुरवला आले तरी दर साली मला बोलावणं यायचं. आई निरोप धाडायची, "मीठ बघायला ये." सासरी मी मोठ्या ऐटीत सांगायची की माझ्यावाचून आमच्या देवाचा नैवेद्य होत नाही. सहा वर्षांपूर्वी आई गेली. त्याच्या दुसऱ्या वर्षी जमिनीच्या कागदांवर बहिणीच्या सह्या लागल्या, त्याही मी केल्या. मनापासून केल्या, त्याबद्दल आजही कुरकुर नाही. पण परत येताना बसमध्ये एक विचार आला आणि तो गेला नाही. आता या घरी माझं काय राहिलं? एक वाटी राहिली. आई गेल्यावरही दादाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, तो रिवाज मोडला नव्हता. दर साली तिचा फोन येतो, "वन्सं, मीठ बघायला या." आणि त्या एका वाटीपायी मी माहेरची आहे, असं मी धरून चालले होते.

मग वास गेला, आणि हे कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं.

पहिल्या वर्षी वाटीवर वाकले, डोळे मिटले, थोडा वेळ घेतला आणि "बरोबर आहे" म्हणाले. काही बिघडलं नाही. दुसऱ्या वर्षी "किंचित कमी" म्हणाले. तेव्हाही बिघडलं नाही. मला वाटलं, खंडोबानेच सांभाळून घेतलं.

मधल्या काळात डॉक्टरांनी एकदा पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, दमा फार उठला म्हणून. चौथ्या दिवशी मी बाथरूममधून बाहेर आले आणि ओल्या पायपुसण्याचा वास आला. कुबट, नकोसा, पायपुसण्याचा. मी तिथंच खाली बसले आणि रडले. हे धावत आले, त्यांना वाटलं पडले. मग आठ दिवस मी वेड्यासारखी घरभर वास घेत हिंडले. हिंगाची डबी, यांच्या शर्टाची कॉलर, कढीपत्ता चुरडून, फ्रिज उघडून. लिफ्टमध्ये कुणी लावलेलं अत्तरसुद्धा पोटभर हुंगलं. नवव्या दिवशी सकाळी चहा पुन्हा गरम पाणी होता.

म्हणून यंदा चंपाषष्ठीच्या आधी मी डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "त्या गोळ्या द्या ना, पाचच दिवस."

त्यांनी छाती तपासली. "दमा तर बरा आहे. कशासाठी हव्यात?"

"आमच्याकडे भरीत आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी समजावून सांगितलं की त्या गोळ्यांनी साखर वाढते, हाडं पोकळ होतात, उठसूट घ्यायच्या नसतात. नाकाचा फवारा आणि पंप मात्र नेमाने चालू ठेवायचा. "भरीत खा की खुशाल," ते म्हणाले. त्यांना काय सांगणार?

तर परवा स्टॉप चुकवून, उलटी चालत, मी घरी पोचले. अंगणात तीन चुलींवर वांगी भाजून झाली होती. धूर निवला होता, तरी वहिनीने मला लांब पडवीत खुर्ची टाकून दिली. घरामागे आता कांद्याची चाळ नाही, भाड्याच्या खोल्या आहेत. कंपन्यांत कामाला असलेली नांदेड-लातूरकडची पोरं तिथं राहतात. तीही आज जेवायला होती. साठ-पासष्ट पानं सहज. वहिनीने परात आणि मिठाची बरणी माझ्यापुढे आणून ठेवली, वाटीत भरीत काढून माझ्या हातात दिलं. "बघा वन्सं." तेवढ्यात दादाने तळी उचलायची म्हणून आतून हाक मारली, खोबऱ्याची वाटी सापडत नव्हती. वहिनी आत गेली.

मी वाकले. काहीच नाही. वाटीत ऊन पडलं होतं तेवढं दिसलं. पुन्हा श्वास घेतला, छातीत बारीक शिट्टी वाजली. मनात आलं, दोन वर्षं निभावलं, तिसऱ्यांदा निभावेलच असं नाही. एवढी माणसं जेवणार आहेत. नाकाने कळत नाही तर डोळ्याने तरी बघू. परातीशेजारच्या बरणीकडे पाहिलं, तिच्या तोंडाला बांधलेलं फडकं तसंच घट्ट गाठीत होतं. म्हणजे मीठ घातलंच नाही. वहिनी गडबडीत विसरली. नाक नसूनही मी चूक पकडली, याचा मला इतका आनंद झाला की मी गाठ सोडली, दोन मुठी मीठ परातीत टाकलं आणि कोपरापर्यंत हात घालून कालवलं.

वहिनी परत आली. "बरोबर हाय का?"

"आता बरोबर आहे," मी म्हणाले.

देवाला नैवेद्य दाखवला. पुरुषांनी तळी उचलली, भंडारा उधळला. त्या हळदीच्या धुळीला भिऊन मी नाकातोंडावर पदर धरून खिडकीआड उभी होते, पण मन निवांत होतं. मग पंगत बसली. मी पहिला घास घेतला, आणि मला चव आली. खरंच आली. जिभेवर काहीतरी लागलं, झणकन, कित्येक महिन्यांनी. घास कसा भरल्यासारखा वाटला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मी वाढणाऱ्या पोराला म्हटलं, "भरीत आणखी वाढ रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता वाढलं. तेव्हा मी मान वर केली. सगळी पंगत पाणी पीत होती. लातूरचा एक पोरगा रोडग्यामागे रोडगा कोरडाच खात होता. भरीत पानाच्या कडेला सारलेलं. नैवेद्याला नावं ठेवायची नाहीत, म्हणून सगळे गप्प. म्हातारे चुलते तेवढे म्हणाले, "देवानं यंदा पानी मागितलं असंल." दादाने खाली बघून घास गिळला. वहिनी आत गेली आणि दह्याचं पातेलं घेऊन आली, आणि जणू दही द्यायचं आधीच ठरलं होतं अशा चेहऱ्याने प्रत्येकाच्या पानात वाढत गेली.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पानावरून उठावं तर सगळ्यांना दिसेल, बसावं तर घास उतरत नाही. मी बसून राहिले. लहानपणापासून तेवढंच नीट जमतं मला.

संध्याकाळी भांडी विसळायला वहिनी मोरीवर बसली, तेव्हा मी तिच्याजवळ गेले. "वहिनी, मला वास येत नाही. तीन वर्षं झाली."

"ठावं हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"कधीपासून?"

"परसालपास्नं. दूध करपून घरभर वास सुटला व्हता, आन् तुमी त्या पातेल्याशेजारी बसून माज्याशी गप्पा मारत व्हता."

"मग यंदा वाटी का दिलीत? आणि मीठ? बरणीची तर गाठसुद्धा सुटली नव्हती."

"मीठ मिरची-लसणासंगं ठेच्यातच कुटलेलं असतंय. आत्याबाईंची, तुमच्या आईची रीत हाय ती. वांग्याच्या हिशोबानं मीठ, चूक व्हायचा सवालच न्हाई." तिने पातेलं उपडं घातलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "वन्सं, मिठाला कुठं वास असतुया?"

मला कळत होतं ती काय सांगतेय, पण ते ऐकायचं नव्हतं.

"आत्याबाई आजारी व्हत्या तवा बोलल्या माज्यापाशी. म्हनल्या, दम्याची पोर, कशालाच हात लावू देता येईना, पोरं चिडवायची, ती आतल्या आत झुरायची. म्हनून तिला ह्ये काम काढून दिलं. तू मीठ घालून ठेवत जा आन् वाटी तेवढी तिच्यापुढं धरत जा. ती कमी म्हनली तर टाकल्यासारखं कर. म्या तसंच केलं. आज तुमी सोता हात घालशाल, ह्ये मला कसं ठावं असनार?"

मला आधी राग आला. आईचा आला, वहिनीचा आला, त्या सात-आठ वर्षांच्या मुलीचाही आला, जी एवढा वेळ डोळे मिटून वाटीवर वाकून राहायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षं सगळ्यांनी मिळून मला खेळवलं. मग रागाच्या मागून दुसरंच काहीतरी आलं आणि छातीत शिट्ट्या सुरू झाल्या. मी पिशवीतून पंप काढला, दोनदा ओढला आणि पायरीवर बसले. वहिनी हात पुसून माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या पाठीवर तिने हात ठेवला, श्वास जागेवर येईपर्यंत काढला नाही.

"म्हणजे आता मी यायचं कारण उरलं नाही," मी म्हणाले. तीन वर्षं जे लपवलं ते शेवटी एवढंच होतं.

वहिनीने आपला हात माझ्यापुढे धरला. बोटांची टोकं काळी पडलेली, दोन बोटांवर फोड. "गरम वांगी सोलून हुतंय ह्ये. ऐंशी-नव्वद वांगी असत्यात. आधी आत्याबाई आन् मी दोघी सोलायचो. त्या गेल्यापास्नं एकटी सोलतीया. तुमी तितं खुर्चीवर बसलेल्या असायच्या. किती डाव वाटलं, वन्सं, जरा या म्हनावं. पन म्हनायचं कसं? तुमचं काम तर ठरल्यालं."

सहा वर्षं. तिने वाटी पुढे केली की मी वाटीतच बघत होते. वाटी धरणारी बोटं मी एकदाही पाहिली नव्हती.

"तुमी गार झाल्यावर सोलायची," ती म्हणाली. "धूर न्हाई, धूळ न्हाई, नाकाचं तर कामच न्हाई. पात चिरायची असती. पुढल्या चंपाषष्ठीला आदल्या दिशीच या. आन् येताना तुमची इळी घेऊन या, हितली पार बोथट झालीया."

माहेरवाशिणीला साडी घेऊन जा म्हणतात, डबा घेऊन जा म्हणतात. विळी घेऊन ये, असं त्या घरात मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "किती वाजता येऊ?"

"पयल्या गाडीनं," वहिनी म्हणाली आणि राहिलेली परात घासायला उठली.